दुसऱ्याच्या पायांनी फेडलेला नवस

वाचक हो, तुमचा पाय कोणाच्या मालकीचा आहे?

हसू नका आणि उत्तर द्यायची घाईही करू नका. माझ्या थोरल्या भावाला कोणी हा प्रश्न विचारला असता तर तोही हसला असता. तो फौजेतला जवान. देशाच्या वतीनं ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावून आलेला. आपले पाय आपलेच आहेत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ती शंका त्याच्या मनात आमच्या गावानं घातली. कशी, ते सांगते.

आमचं गाव मालवण आणि कुणकेश्वर यांच्या मधल्या किनाऱ्यावर. समुद्र, माडांची रांग, माडांमागं घरं, घरांमागं चढण आणि चढणीच्या वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, नजर पोचेल तिथवर. बाबा मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात बोटीनं यायचे तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी युनियनची पत्रकं, सभांची हस्तपत्रकं आणि स्वस्तातल्या पुस्तिका असायच्या. शाळेच्या पुस्तकांआधी मी त्या वाचल्या. ‘जागे व्हा’, ‘विचार करा’, ‘हे तुम्हाला मान्य आहे काय?’ अशा वाक्यांवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे माझं लिहिणं आजही थोडं ओरडूनच होतं. आये म्हणायची, “ह्या चेडवाक बापसान दुधाबरोबर शाई पाजली हा.”

दादाला वाचायचा कंटाळा. त्याला धावायला हवं असायचं, आणि गावालाही त्याचं धावणं हवं होतं. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी लागते. बांगड्यांचा थवा किनाऱ्याला लागला की कोणीतरी वाडीवाडीत धावत जाऊन माणसं आणायची. थवा काही माणसांसाठी थांबून राहत नाही. ते काम दादाचं. काका पाण्याकडे बघत उभे असायचे. पाण्याचा रंग बदलला की ते नुसती मान हलवायचे आणि दादा सुटायचा. पार पलीकडच्या वाडीला वर्दी देऊन परत यायचा आणि पुन्हा दोरीला हात लावायचा. “ह्येच्या छातीत लोहाराचो भातो आसा काय रे?” माणसं विचारायची.

काका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. रापणीचे पुढारी आणि देवळातले मानकरी. देवापुढं गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेला. बाबा मुंबईत, त्यामुळे आमचं दुखलंखुपलं तेच बघत. माझी शाळेची फी एक वर्ष त्यांनी भरली होती. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते वाचून तुम्ही त्यांना दुष्ट ठरवाल. मीही बरेच दिवस तसं ठरवलं होतं. ते इतकं सोपं नव्हतं.

दादा फौजेत भरती झाला. तिथं त्याच्या पायात पहिल्यांदा बूट आले. आधी पलटणीच्या शर्यती, मग सगळ्या फौजेच्या, मग देशाच्या. आणि एक दिवस बातमी आली की त्याची ऑलिंपिकसाठी निवड झाली. गावाला ऑलिंपिक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. रापणीवर बसलेल्या माणसांना मीच समजावलं की साऱ्या जगातले लोक एका ठिकाणी येऊन धावतात, उड्या मारतात.

“आणि जिंकणाऱ्याक काय गावता?”

“पदक.”

“सोन्याचा?”

“वरून सोन्याचा.”

“मगे आतून काय आसता?”

“आतून घाम,” काका म्हणाले आणि अख्खी रापण हसली. त्या दिवशी काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी अजून विसरलेले नाही. पोरगा त्यांचाच असावा असा.

दादा तेव्हा उत्तरेत कुठल्याशा शिबिरात होता. तो गावी येणार नव्हता, तिथूनच परस्पर परदेशी जाणार होता. तरी गावानं त्याच्यासाठी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मानकरी हात जोडून देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली सगळी माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. जे बोललं गेलं ते त्या आवाजानं सगळ्यांचं होतं. त्यापुढं कागदावरची सही म्हणजे पोरखेळ.

“बा देवा म्हाराजा, तुझो ह्यो लेकरू सातासमुद्रापलीकडे धावूक जाता हा...”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या वाटेर उबो रव, त्येका सुखरूप घराक हाड...”

“व्हय म्हाराजा!”

इथवर सगळं नेहमीचं होतं. पण काका थांबले नाहीत. त्यांचा आवाज चढला होता. मागं ढोल तयार होता, पोरं खांबांना लटकली होती, आणि आपल्या रापणीवरचं पोर जगात चाललंय या कल्पनेनं त्यांना जे भरून आलं होतं ते कुठंतरी ओतायला हवं होतं. ते म्हणाले,

“तो सुखरूप इलो काय येत्या शिवरात्रीक तुझा निशाण घेवन, अनवाणी पायांनी, हयसून कुणकेश्वरापर्यंत तुझ्या फुडे धावत येतलो!”

“व्हय म्हाराजा!”

त्या आवाजात माझ्या आयेचा आवाज सगळ्यात मोठा होता. शिवरात्रीला आमचा देव कुणकेश्वराच्या भेटीला जातो. वाट आधी वाळूची आहे, मग चढण, मग सगळा सडा. ज्याचे पाय त्या वाटेसाठी लिहून दिले गेले तो त्या वेळी हजार मैलांवर होता.

बाहेर आल्यावर मी काकांना गाठलं. “काका, दादाक विचारलास?”

“त्येका कित्याक विचारूचा? धावणा त्येचा काम. पाणी भरणाऱ्याक कोण विचारता, घागर उचलशील काय म्हणान?”

“पण तो हय नाय. त्येच्या नावान तुमी...”

काकांनी चपला घालता घालता माझ्याकडं पाहिलं. “नवस मी बोललंय, बाय. चुकलो तर देव माका धरतलो, तुका नाय. तू घराक जा.”

ते सहज बोलले. पण ते सहज बोललेलं वाक्यच त्यांना पुढं खात राहिलं.

शर्यतीत दादा शेवटून दुसरा आला. ते त्यानं आम्हाला स्वतः सांगितलं, हसत हसत. शिबिरात असतानाच त्याची डावी नडगी ठणकत होती. शर्यतीच्या मध्यावर तो ठणका हाडात शिरला. पुढचे लोक त्याला एक फेरी मागं टाकून निघून गेले, तरी तो थांबला नाही. “इतक्या लांब इलंय, अर्ध्यार बसलंय असता तर आयेन घरात घेतली नसती,” असं म्हणाला. परत आल्यावर फौजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. पुढचा पावसाळा सरेपर्यंत धावायचं नाही. चीर सांधली तर पुढची ऑलिंपिक आहेच, वय आहे, दम आहे. पण त्याआधी धावलास तर हाड दुभंगेल आणि धावणं कायमचं संपेल. त्याला लांबची रजा देऊन घरी पाठवलं.

दिवाळीनंतर तो बोटीनं आला. बोट खोल पाण्यात उभी राहिली, उतारू पडावात उतरले. किनाऱ्यावर ढोल होते, तोरण होतं, मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली होती. पडाव वाळूला लागला, दादानं उडी मारली आणि तो लंगडला. एकच पाऊल. मी पाहिलं की ढोलवाल्याचा हात हवेत राहिला. मग ढोल पुन्हा वाजू लागला, पण त्या क्षणापासून गावानं दादाच्या तोंडाकडं बघणं सोडलं. जो तो पायाकडं बघू लागला.

त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात काकांनी त्याला नवसाचं सांगितलं. दादाला गंमत वाटली.

“धावतंय काका, आनंदान धावतंय. पण औंदा नाय. फुडल्या वर्सा.”

“औंदाचो शब्द दिलो हा.”

“पाय बरो नाय तर कसो धावू?”

“बरो होतलो. शिवरात्रीक अजून खूप अवकाश आसा.”

दादानं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. अंगणात माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारी उठता उठता पुटपुटली, “देवापेक्षा डॉक्टर मोठो झालो.” आणि सगळे पांगले. आये कंदिलाची वात कमी-जास्त करत राहिली.

पुढचे दिवस मला आठवतात ते गप्प माणसांचे. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. दादा दुकानात गेला की दुकानदार वजन करता करता काट्यावरून नजर काढून खाली बघायचा. रापण त्या वर्षी नीट लागली नाही. बांगडा आलाच नाही म्हणा. दोरी ओढून ओढून माणसं जाळं काढायची आणि आत शेवाळ, खेकडे आणि थोडी किरकोळ मासळी. पूर्वीही अशी वर्षं गेलेली होती. तेव्हा माणसं वाऱ्याला शिव्या देत, पाण्याला शिव्या देत. या वर्षी कोणी शिव्या देत नव्हतं. त्याचीच मला भीती वाटू लागली.

मग एका सकाळी आमच्या कुंपणाच्या काठीला निशाणाच्या भगव्या कापडाची पट्टी बांधलेली दिसली. मी ती सोडून फेकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा होती. तिसऱ्या वेळी आयेनं मला हात लावू दिला नाही.

“सोडू नको गो. बांधणाऱ्याक वाईट वाटात.”

“आये, बांधणाऱ्याक? आणि आमका?”

संध्याकाळी ती दादाच्या पायाला खोबरेल चोळत बसली. नडगीवर बोट दाबून बघायची, तो कळवळला की बोट काढायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा दाबून बघायची. जणू मधल्या वेळात बरं झालं असेल.

थंडीच्या दिवसांत ती होडी उलटली. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तो दर पावसाळ्यानंतर थोडा सरकतो. त्या वर्षी जास्तच सरकला होता. ओहोटीला तिथं लाट वेडीवाकडी फुटते. त्या जागी खूण म्हणून खांब उभा करून त्यावर दिवा लावावा, असा अर्ज मी लिहून सह्यांसाठी फिरवला होता. “आमचे बापजादे दिव्याबिगर इले-गेले,” असं म्हणून माणसांनी तो परत दिला होता. होडीत चौघे होते. तिघे पोहून आले. आला नाही तो काकांचा धाकटा मुलगा. दादाच्या बरोबरीचा, लहानपणी त्याच्याबरोबर वर्दी द्यायला धावणारा. दोन भरत्या गेल्यावर तो वाळूवर सापडला. त्याला बायको होती आणि कडेवरचं मूल होतं.

दादानं तिरडीला खांदा दिला. नको म्हटलं तरी दिला. लंगडत लंगडत तो पुढं चालला होता आणि मागून काका. काका रडत नव्हते. मुलाच्या कलेवराकडंही ते बघत नव्हते. सगळी वाट त्यांची नजर त्या लंगडणाऱ्या पायावर होती.

त्या दिवसानंतर कुजबुज राहिली नाही. पोरानं नवसाला नाही म्हटलं, बोलणाऱ्याला देवानं धरलं, आणि अजून शिवरात्र व्हायची आहे, तेव्हा अजून कोण, हे बायका माझ्यादेखत बोलू लागल्या. मी घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं. ‘वाळूच्या बांधाचा गुन्हा माणसाच्या पायावर का लादता?’ असा मथळा होता. दादाला वाचून दाखवलं. तो खाटेवर पाय वर करून पडला होता.

“बरा लिवलंस. छापशील खंय?”

“मालवणात छापखानो आसा.”

“छापशील. वाटशील. आणि वाचूक येता तो मास्तर एकटो, तो आधीच तुझ्या बाजून आसा.” मग तो हसायचा थांबला. “काकांका कौल लावूक सांगतंय. देवान सोडलो तर काका सोडतले.”

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मी संतापले. हाडाचा निवाडा पाकळीवर?

“त्यापेक्षा देवाक एक्स-रे दाखव,” मी म्हणाले.

“दाखवलो असतो. पण गाभाऱ्यात उजेड खंय आसा?”

काकांनी ऐकलं आणि लगेच हो म्हणाले. मला वाटतं त्यांनाही सुटका हवी होती. देवळात पुन्हा सगळा गाव जमला. गुरवानं पाकळ्या लावल्या. काकांनी विचारलं, “बा म्हाराजा, ह्येका औंदाच्या शब्दातून सोडवत असशील तर उजवी दे.” आम्ही सगळे त्या दोन ठिपक्यांकडं बघत होतो. कोणीतरी खोकला दाबत होतं.

उजवी पडली.

आयेनं जमिनीला डोकं टेकलं. दादानं डोळे मिटले. माझा कौलावर कधीच विश्वास नव्हता, पण त्या क्षणी मी हात जोडले, हे खरं आहे. पण बाकी देवळात आनंदाचा एक शब्द उमटला नाही. शांतता होती, आणि ती शांतता काकांच्या पाठीवर येऊन पडली. त्यांनी वळून माणसांकडं पाहिलं. त्या गर्दीत त्यांची विधवा सून उभी होती.

“परत लाव,” काका म्हणाले.

“म्हाराज, उजवो झालो,” गुरव म्हणाला.

“परत लाव म्हणतंय.”

दुसऱ्यांदा कितीतरी वेळ काहीच पडलं नाही. मग डावी पडली. “आणि एकदा.” पुन्हा डावी. गुरव कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हता. गर्दीतून एक दीर्घ श्वास बाहेर पडला. लांबलेला पाऊस एकदाचा पडल्यावर शेतकरी सोडतो तसा समाधानाचा.

मी ओरडले. “पयल्यांदा देवान सांगला ता खोटा काय? त्येनीच सोडल्यान ना दादाक?”

“देव पयलो माणसाची परीक्षा बघता,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

“बापसाची पत्रका वाचून देवळात न्याय सांगूक इली ही!”

“बाय, तुका देव खंयचो? तू गप रव,” म्हणत दोघांनी मला दाराकडं ढकललं.

त्याचं उत्तर मला आज सुचतं. मी त्या दिवशी देवाच्या बाजूनं बोलत होते. देवानं सोडलं होतं. सोडलं नाही ते माणसांनी. देवाकडून हवं ते उत्तर येईपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा विचारणारी माणसं स्वतःला भाविक म्हणवत होती, आणि त्याचा पहिला शब्द मानायला निघालेल्या मला त्यांनी देवळातून बाहेर काढलं.

शिवरात्र तोंडावर आली होती. मी दादाला सांगितलं की सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघ, रजा संपली असं सांग, पलटणीत जा. तिथं तुझ्या पायाला हात लावायची कोणाची छाती नाही. त्याला पटलं. त्यानं ट्रंक भरली. आयेनं काही न विचारता भाकऱ्या बांधून दिल्या.

सकाळी दार उघडलं तर तुळशीजवळ काकांची सून उभी होती. कडेवर मूल. काका कुंपणाबाहेर होते, आत आले नाहीत. पायाखालच्या मातीकडं बघत उभे होते. सून दादाला म्हणाली,

“भावजी, गेलो तो गेलो. तो काय परत येवचो नाय. पण माझो भाव अजून दर्यात जाता.”

एवढंच. तिनं रडून दाखवलं नाही, पदर पसरला नाही. मूल दादाच्या ट्रंकेच्या कडीकडं हात करत होतं.

मी मधे पडले. “अगो, वाळू सरकली म्हणान होडी उलटली. दादाच्या पायान नाय उलटली.”

ती माझ्याकडं बघत राहिली, परकी भाषा ऐकल्यासारखी. दादानं ट्रंक ओट्यावर ठेवली. सड्यावरून एस.टी.चा भोंगा ऐकू आला आणि गाडी निघून गेली.

ती आणि काका निघून गेल्यावर मी दादावर तुटून पडले. तो नुसता नडगी चोळत होता. “वाळू होती ता माका ठावक आसा. तिका ठावक नाय. उद्या तिचो भाव गेलो तर ती काय म्हणतली? आणि तेव्हा मी तिका काय सांगू, माझो एक्स-रे होतो?”

माझ्याजवळ इतकी पत्रकं होती. जुलमी मालकाविरुद्ध काय बोलावं हे त्यांत होतं, सावकाराविरुद्ध होतं. कडेवर मूल घेऊन तुळशीजवळ उभ्या राहिलेल्या बाईला काय सांगावं, हे एकातही नव्हतं.

शिवरात्रीला देव निघाला. पुढं दादा, अनवाणी, हातात निशाण. वाळूवर त्याला त्रास झाला नाही. तो हलका धावत होता, लहानपणी धावायचा तसाच, आणि एकदा वळून माझ्याकडं बघून हसलासुद्धा. क्षणभर मला वाटलं की डॉक्टर चुकले असतील. चढणीवर त्याचा वेग तुटला. वर सडा उन्हानं तापला होता. जांभा दगड लांबून सपाट दिसतो, पण पायाखाली तो खडबडीत असतो, जळलेल्या हाडासारखा भोकाभोकांचा. बायकांच्या घोळक्यातून मी त्याची पाठ बघत होते. दर पावलाला खांदा एका बाजूला पडत होता. ढोल थांबत नव्हता. ढोलाच्या तालावर त्याला धावायचं होतं, आणि तालाला हाडाची खबर नव्हती.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. निशाण कलताना पाहिलं. ते जमिनीला लागू नये म्हणून चार-पाच जण झेपावले. त्यांनी आधी निशाण धरलं. दादाला कोणी धरलं नाही. तो दगडावर पडला, आणि त्याचा पाय नडगीतून जिथं वळू नये तिथं वळला होता.

देवाची वाट मधे थांबत नाही. मिरवणूक दोन भागांत फुटली, त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली आणि पुढं जाऊन पुन्हा एक झाली. काका थांबले. त्यांनी खाली पाहिलं. मग त्यांनी निशाण आपल्या हातात घेतलं आणि तो म्हातारा माणूस धावत सुटला. धोतर सुटत होतं, काका मोठ्यानं रडत होते, पण कुणकेश्वरापर्यंत धावले. नवस फिटला. आम्ही तिघं सड्यावर राहिलो. आयेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या ओसाड दगडावर कितीतरी वेळानं एक बैलगाडी मिळाली.

मालवणच्या दवाखान्यात हाड बसवलं, पण पाय आखूड राहिला. फौजेनं त्याला घरी पाठवलं. पुढची ऑलिंपिक झाली त्या दिवसांत तो बंदरावरच्या गोदामात पोती मोजून घ्यायच्या कामावर होता. वर्तमानपत्र मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्यानंही वाचायचं टाळलं नाही. वाचून घडी घालून ठेवलं आणि विचारलं, “जेवूक काय केलंस?”

आणि पाऊस सरल्यावर खाडीच्या तोंडाशी पुन्हा एक होडी उलटली. त्याच बांधावर. तिच्यातून काकांच्या सुनेचा भाऊ परत आला नाही.

गावात कोणी काही बोललं नाही. बोलायला काही उरलं नव्हतं. नवस तर फिटला होता. ती बाई दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आली, दादाच्या खाटेजवळ जमिनीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्यानंतर माझा दिव्याचा अर्ज तिनंच घरोघर फिरवला आणि पहिला अंगठा तिनं उठवला. दिवा अजून आलेला नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. आमच्या शाळेतली एक मुलगी धावते. दादा काठी घेऊन वाळूवर उभा राहतो, शिट्टी वाजवतो आणि तिला शिव्या देतो. ती त्याला तोंडावर उलट बोलते. “गुरुजी, तुमची शिट्टी फुटली, आता तुमी फुटशात,” असं परवा म्हणाली. तिची राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे. गेल्या आठवड्यात दादा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. काका आता अंथरुणाला खिळलेत, देवळातला मान त्यांच्या थोरल्या मुलाकडं गेला आहे, आणि गाव म्हणतोय की पोरीसाठी गाऱ्हाणं घालायला हवं. काय बोलायचं तेही ठरत आलंय. पोरीला कोणी काही विचारलेलं नाही.

मी इथं एकटी ओरडले तर त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून ही विनंती मुंबईत राहणाऱ्या माझ्या गाववाल्यांना आहे आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतल्या वाचकांनाही. शिवरात्रीला तुम्ही गावी याल. तुमच्या शब्दाला इथं वजन आहे, देवळाचा उत्सव तुमच्याच वर्गणीतून उभा राहतो. देवळात जाण्याआधी शाळेमागं त्या मुलीच्या घरी जा. मुलीला समोर बसवून विचारा की तिच्या नावानं काय बोलायचं ते तिला मान्य आहे का. उत्तर द्यायला तिला वेळ द्या, आणि ती बोलत असताना तिच्या आईबापांना मधे बोलू देऊ नका. ती नाही म्हणाली तर देवळात जाऊ नका. तिच्या अंगणात बसून राहा. माणसं बोलवायला येतील, पुन्हा येतील, त्यांच्यात कोणी कडेवर मूल घेऊनही येईल. त्यांना पाणी द्या, बसवून घ्या, आणि मुलीनं दिलेलं पहिलं उत्तर त्यांना सांगा.